घरात कुत्रा आणि एकच वॉशिंग मशीन: धुणं आणि आंघोळ दोन्ही कसं सांभाळायचं?

घरात कुत्रा आला की दोन कामं कायमची मागे लागतात. एक त्याची आंघोळ आणि दुसरं म्हणजे घरातल्या प्रत्येक कपड्यावर चिकटलेले त्याचे केस. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पुण्यात राहतो आणि आमच्याकडे चिकू नावाचा गावठी कुत्रा आहे. ही दोन्ही कामं मी जवळपास वर्षभर चुकीची करत होतो. मशीन पाण्याने भरलेल्या अवस्थेत बंद पडलं, चिकूला खाज सुटली आणि "त्या मशीनमध्ये माझ्या साड्या टाकू नकोस" असं म्हणून आईने दुखऱ्या गुडघ्यांनी मोरीत बसून हाताने कपडे धुवायला सुरुवात केली. मला हे शेवटचं सगळ्यात जास्त लागलं. मग एका रविवारी मशीनचं मॅन्युअल शोधून काढलं आणि मुळापासून समजून घेतलं. तेच या लेखात सोप्या भाषेत सांगतो.

मशीनला केस दिसत नाहीत

हल्ली मशीनच्या खोक्यावर "स्मार्ट", "एआय" असे शब्द असतात. कल्पना जुनीच आहे, जपानच्या मात्सुशिता कंपनीने १९९० मध्येच फझी लॉजिकवर चालणारं मशीन बाजारात आणलं होतं. पण या हुशारीला माहिती कुठून मिळते ते बघा:

- कपड्यांचं वजन: ड्रम थोडा फिरवून मोटरला किती जोर लागतो त्यावरून अंदाज.
- पाण्याची पातळी: एका बारीक नळीत अडकलेल्या हवेच्या दाबावरून.
- तोल: ड्रम फिरताना वेग एकसारखा राहतो का, यावरून.

काही महागड्या मशीनमध्ये पाणी किती गढूळ आहे हे बघणारा सेन्सरही असतो. पण "केस अडकलेत" हे सांगणारा सेन्सर यात नाही. पाणी बाहेर सोडायला सुरुवात केल्यावर ठरलेल्या वेळेत पातळी खाली आली नाही, तर मशीन एरर दाखवतं. म्हणजे एरर दिसेपर्यंत फिल्टर किंवा पाइप बऱ्यापैकी तुंबलेला असतो. आमचं नेमकं हेच झालं.

केस कुठे साठतात?

फ्रंट लोडमध्ये दोन जागा आहेत. पहिली म्हणजे दाराभोवतीच्या रबराची घडी. दुसरी म्हणजे ड्रेन पंपाचा फिल्टर. बहुतेक मशीनमध्ये समोर खालच्या कोपऱ्यात छोटं झाकण असतं, त्याच्या आत हा असतो. टॉप लोडमध्ये ड्रमच्या आतल्या बाजूला जाळीची पिशवी किंवा फिल्टर असतो.

ड्रेन फिल्टर साफ करायची पद्धत:

१. मशीन बंद करून प्लग काढा. गरम पाण्याचा प्रोग्राम लावला असेल तर पाणी थंड होऊ द्या.
२. झाकणाखाली पसरट ताट आणि जुना पंचा ठेवा. शेजारी छोटी नळी असेल तर आधी तिच्यातून पाणी काढा.
३. फिल्टर हळूहळू फिरवा. पाणी येईल, घाबरू नका.
४. केस, धागे, नाणी काढा. आत पंपाचं पातं मोकळं फिरतंय का ते बघा.
५. फिल्टर घट्ट बसवा. सैल राहिला तर पुढच्या धुण्याला घरभर पाणी.

कुत्रा असलेल्या घरात हे महिन्यातून एकदा करा. रबराची घडी मात्र प्रत्येक धुण्यानंतर ओल्या फडक्याने पुसा.

कोरडं आधी, ओलं नंतर

पूर्ण लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. केस कोरडे असताना सुटतात. ओले झाले की धाग्यांत गुंततात, त्यांचे गोळे होतात आणि ते कापडाला चिकटून बसतात. म्हणून केस काढायचं काम पाण्याआधी करायचं. मशीनचं काम फक्त धुण्याचं.

- कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी गॅलरीत जोरात झटका.
- भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून कापडावर एकाच दिशेने हात फिरवा. केसांची सुरळी होऊन हातात येते.
- आधी घरातल्यांचे कपडे धुवा, कुत्र्याचं अंथरूण सगळ्यात शेवटी आणि वेगळं. त्यानंतर रिकामं मशीन एकदा रिन्सवर चालवा आणि ड्रम पुसून घ्या.
- ड्रम ठासून भरू नका. कपड्यांना हलायला जागा नसेल तर केस निघत नाहीत.

चिकू जुन्या गोधडीवर झोपायचा. गोधडी पाणी पिऊन प्रचंड जड होते आणि ड्रमच्या एकाच बाजूला बसते. मशीन तोल सावरायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं आणि शेवटी स्पिन न करताच थांबतं. आता आम्ही त्याला दोन जुन्या चादरी घडी करून देतो. धुवायला सोप्या, वाळायलाही सोप्या.

डिटर्जंट जास्त म्हणजे स्वच्छ जास्त, असं नाही

वास जावा म्हणून मी दुप्पट डिटर्जंट टाकायचो. फेस जास्त झाला की कपड्यांचं एकमेकांवर घासणं कमी होतं आणि विसळल्यावरही साबण कापडात राहतो. त्याच चादरीवर कुत्रा रात्रभर पोट टेकून झोपतो आणि ती चाटतोही. म्हणून त्याच्या अंथरुणासाठी पाकिटावर लिहिलेलं प्रमाणच घ्या आणि "एक्स्ट्रा रिन्स" चालू करा. फॅब्रिक सॉफ्टनर टाकू नका, त्याचा थर कापडावर राहतो आणि टॉवेल पाणीही कमी शोषतो. डिटर्जंटच्या कॅप्सूल कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवा.

पिसवा किंवा गोचिडांचा त्रास असेल आणि कापडाच्या लेबलवर चालत असेल, तर अंथरूण ६० अंशांवर धुवा. बऱ्याच टॉप लोड मशीनमध्ये हीटर नसतो, त्यामुळे खरेदीआधी हे विचारून घ्या.

चिकूची खाज: माझं चुकलेलं डीबगिंग

चिकू खाजवायला लागल्यावर मी एकाच आठवड्यात त्याचं खाणं, शाम्पू आणि फरशी पुसायचं लिक्विड, तिन्ही बदललं. आमच्या कामात ही पहिल्या वर्षाची चूक मानतात. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळे पडला ते कळतच नाही. आणि फरक तर पडलाही नव्हता.

शेवटी डॉक्टरांकडे नेलं. त्यांचा पहिलाच प्रश्न, "आंघोळ किती वेळा घालता?" मी अभिमानाने सांगितलं, दर रविवारी. आधी माझ्या शाम्पूने, आता नव्या शाम्पूने, आणि वर बादलीत थोडं अँटिसेप्टिक. डॉक्टर हसले नाहीत.

कारण असं आहे. माणसाच्या त्वचेचा पीएच साधारण ५.५ च्या आसपास, म्हणजे आम्लधर्मी असतो. कुत्र्याची त्वचा त्यामानाने उदासीन असते, म्हणून आपला शाम्पू त्याच्यासाठी बनलेला नसतो. शिवाय सारखी आंघोळ घातली की त्वचेवरचं नैसर्गिक तेल निघून जातं आणि कोरडेपणाने खाज वाढते. निरोगी कुत्र्याला साधारण महिन्यातून एकदा आंघोळ पुरते. मध्ये चिखलात लोळला तर नुसते पाय आणि पोट धुवा.

आमचा आताचा क्रम:

१. आधी कोरड्या अंगावर दहा मिनिटं ब्रश. इथेही नियम तोच, कोरडं आधी.
२. मोरीत रबरी मॅट, म्हणजे पाय घसरत नाहीत. निम्मी भीती तिथेच जाते.
३. कोमट पाणी, मानेपासून खाली. डोक्यावर मग ओतायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. कानात पाणी राहिलं तर संसर्ग होऊ शकतो.
४. कुत्र्यांचा शाम्पू पाण्यात पातळ करून. मग बोटांना बुळबुळीत लागेनासं होईपर्यंत धुवायचं.
५. टॉवेलने दाबून टिपायचं. ड्रायर वापरलात तर गार हवेवर आणि लांबून.

अँटिसेप्टिक, फिनाइल, टी ट्री ऑइल, यातलं काहीही मनाने वापरू नका. गोचिडांचं मानेवर टाकायचं औषध लावलं असेल तर त्याच्या आधी-नंतर किती दिवस आंघोळ नको, ते पाकिटावर बघा. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन असलेलं औषध आणू नका, मांजरासाठी ते जीवघेणं ठरू शकतं.

टीडीएस मीटरने फसू नका

आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं. मी टीडीएस मीटर बुडवून "पाणी जड आहे" असं जाहीर केलं. पण हा मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देतो. पाण्याचा जडपणा म्हणजे त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. त्यासाठी हार्डनेसची वेगळी टेस्ट स्ट्रिप मिळते. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी हार्डनेसची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. जड पाण्यात फेस कमी होतो, म्हणून आपण साबण वाढवत जातो. तो निघायला मात्र जास्त पाणी लागतं.

फोनचा खरा उपयोग

वेगळं अ‍ॅप लागत नाही. कॅलेंडरमध्ये तीन रिपीट रिमाइंडर लावा: फिल्टर, आंघोळ, गोचिडांचं औषध. शाम्पू आणि औषधाच्या लेबलचे फोटो एका अल्बममध्ये ठेवा. कुत्रा खाजवत असताना व्हिडिओ काढा, कारण दवाखान्यात गेल्यावर तो एकदम शहाणा होतो. आणि काहीही बदललं तर तारीख टाकून नोट्समध्ये लिहा. पंधरा दिवसांत एकच बदल.

आम्ही पहिला बदल आंघोळीचा केला आणि दुसऱ्या महिन्यात चिकूचं खाजवणं बरंच कमी झालं. तुमच्याकडे कारण वेगळं असू शकतं, त्यामुळे खाज टिकली, केसांत चट्टे दिसले किंवा कानाला वास आला तर थेट डॉक्टर गाठा.

आई आता साड्या मशीनमध्येच टाकते. टाकण्याआधी रबराच्या घडीतून एकदा बोट फिरवते आणि बोट माझ्यासमोर धरते. बहुतेक वेळा ते स्वच्छ असतं.