दाखल्यांची मोजणी

१८७३ मधली शिकागोची गोष्ट. तिथल्या वकिलांना एक अडचण रोज भेडसावत होती. कोर्टात जुना निवाडा पुढे करायचा, पण तो अजून उभा आहे की वरच्या कोर्टाने कधीच उलटवला आहे, हे समजायचे कसे? कायद्याच्या पुस्तकांच्या धंद्यातल्या फ्रँक शेपर्डने त्यावर उपाय काढला. नंतरच्या कोणकोणत्या खटल्यांत एखाद्या निवाड्याचा दाखला आला, याची यादी तो मागे डिंक लावलेल्या चिठ्ठ्यांवर छापू लागला. त्या चिठ्ठ्या वकील आपल्या पुस्तकांच्या समासात चिकटवत. पुढे चिठ्ठ्यांचे जाडजूड खंड झाले.

त्या खंडांचे खरे मोल त्यांतल्या खुणांत होते. प्रत्येक दाखल्यापुढे एखादे अक्षर असे: नंतरच्या न्यायाधीशाने निवाडा अनुसरला, त्यावर टीका केली, हातातला खटला वेगळा ठरवला की निवाडाच रद्दबातल केला. आपल्याकडच्या वकिलांनाही ही काळजी नवी नाही. नागपूरच्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’मधला ‘एआयआर १९७३ एससी १४६१’ म्हणजे केशवानंद भारती खटला, हे कित्येकांना तोंडपाठ असते. तरी कोणतेही सायटेशन देण्याआधी ते रुलिंग मध्यंतरी ओव्हररूल झालेले नाही ना, हे पाहिल्याशिवाय जाणता वकील उभा राहत नाही.

१९५३ मध्ये शेपर्ड कंपनीचे निवृत्त उपाध्यक्ष विल्यम अडेअर यांनी बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एका प्रकल्पाला पत्र लिहिले. वैद्यकीय वाङ्मयाची सूची यंत्राने कशी करावी, याचा विचार तिथे चालू होता. कायद्यातली पद्धत विज्ञानालाही लावता येईल, असे अडेअर यांनी सुचवले. प्रकल्पातल्या तरुण यूजीन गारफिल्डने ते मनावर घेतले. १९५५ च्या ‘सायन्स’मधल्या त्याच्या लेखात हेतू स्वच्छ मांडलेला आहे: खोटी, अपुरी किंवा कालबाह्य माहिती डोळे मिटून पुढे सरकू नये, आणि एखाद्या निबंधावर कोणी आक्षेप घेतला असेल तर तो वाचकाला सापडावा.

१९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ निघाला. त्यात दाखले आले, खुणा मात्र आल्या नाहीत. लाखो दाखल्यांचा सूर ओळखणे यंत्राच्या आवाक्यात नव्हते, मोजणे होते. मग मोजणीलाच मान मिळाला. नेमणुका, बढत्या, अनुदाने यांच्या अर्जांत आकडे झळकू लागले. २००५ मध्ये होर्हे हिर्श यांनी एच-इंडेक्स मांडला आणि एका माणसाची विद्वत्ता एका संख्येत मावू लागली. टीकाही त्याच संख्येत जमा, मान्यताही त्याच संख्येत जमा. ही बेरीज विद्येला महाग पडते.

पोलिसी संशोधनातले एक प्रकरण पाहावे. मार्च १९८१ ते ऑगस्ट १९८२ या काळात मिनिआपोलिसमध्ये घरगुती मारहाणीच्या तक्रारींवर पोलिसांनी काय करायचे, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरत होते: अटक, समज, किंवा आठ तासांसाठी घराबाहेर. लॉरेन्स शर्मन आणि रिचर्ड बर्क यांनी ३१४ प्रकरणे तपासली. पोलिसांच्या नोंदींनुसार अटकेनंतर सुमारे १० टक्के, समज दिल्यावर १९ टक्के आणि बाहेर काढल्यावर २४ टक्के प्रकरणांत पुन्हा मारहाण झाली. १९८४ मध्ये लेख आला आणि प्रचंड गाजला. स्त्री-संघटनांचा लढा चालू होताच. कनेक्टिकटमध्ये नवऱ्याच्या हल्ल्यात जबर जखमी झालेल्या ट्रेसी थर्मन यांनी, पोलिसांनी संरक्षण दिले नाही म्हणून, टॉरिंग्टन शहरावर भरलेला दावाही गाजत होता. त्यात हा पुरावा मिळाला, आणि राज्याराज्यांत अटक सक्तीची करणारे कायदे होऊ लागले.

मग तोच प्रयोग ओमाहा, शार्लट, मिलवॉकी, मायामी परिसर आणि कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे झाला, आणि उत्तरे एकसारखी येईनात. मिलवॉकीत नोकरदार पुरुष अटकेनंतर वचकले, बेकार पुरुष अधिकच हिंसक झाले. मिलवॉकीचा अभ्यास स्वतः शर्मन यांचा होता. १९९२ च्या पुस्तकात त्यांनी सक्तीच्या अटकेचे कायदे मागे घ्यावेत, असे लिहिले. ज्या निष्कर्षाने नाव दिले त्याच्याच विरोधात पुरावा मांडायला मोठे धैर्य लागते. पण ते कोणत्याही निर्देशांकात मोजले जात नाही. १९८४ च्या लेखाचे खंडन करणाऱ्या प्रत्येक निबंधाने त्याची संदर्भसंख्या मात्र एकने वाढवली.

कायदे बहुतेक ठिकाणी कायम राहिले. शर्मन आणि हीदर हॅरिस यांनी मिलवॉकीतल्या ११२५ पीडितांच्या नोंदी २३ वर्षांनंतर पुन्हा काढल्या. ज्यांच्या जोडीदाराला अटक झाली होती त्यांच्यात, नुसती समज दिलेल्यांच्या जोडीदारांपेक्षा, मृत्यूचे प्रमाण ६४ टक्क्यांनी जास्त निघाले. बहुतेक मृत्यू खुनाने नव्हे, हृदयविकारासारख्या आजारांनी झाले होते.