पाणचक्कीपासून यंत्रमानवापर्यंत



शाळा सुटल्यावर एखाद्या वर्गात चार-पाच मुले टेबलाभोवती उभी आहेत, टेबलावर लहान चाके, वायरी, बॅटरी आणि पेचकस पसरले आहेत, असे दृश्य आपल्याकडील काही शाळांतून आता दिसू लागले आहे. ही मुले स्पर्धेसाठी यंत्रमानव तयार करीत असतात. ते पाहून बहुतेक पालक दोन प्रश्न विचारतात. पहिला उघड असतो : ‘ह्याला मार्क किती?’ दुसरा थोडा आवाज खाली आणून विचारला जातो : ‘सर, हे सगळे मोठ्या शहरांतल्या, मोठ्या घरांतल्या मुलांचे. आपल्या पोरांचे हे काम आहे का?’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाचे शिक्षक देतील. दुसरा प्रश्न मात्र इतिहासाचा आहे, म्हणून इतिहासाच्या शिक्षकाने त्याचे उत्तर देणे क्रमप्राप्त आहे. तेच प्रस्तुत लेखात देण्याचा प्रयत्न केला आहे.

शब्द कोठून आला?

‘रोबो’ हा शब्द फार जुना नाही. कारेल चापेक नावाच्या चेक लेखकाने १९२० साली लिहिलेल्या एका नाटकातून तो जगभर पसरला. मूळ चेक शब्द ‘रोबोटा’ असा असून त्याचा अर्थ वेठ, म्हणजे सक्तीने करून घेतलेली मेहनत. आपण त्याला ‘यंत्रमानव’ म्हणतो, पण त्याला हातपाय आणि तोंड असलेच पाहिजे असे मुळीच नाही. सभोवतालची स्थिती जाणणे, आधी घालून दिलेल्या नियमाप्रमाणे काय करायचे ते ठरविणे आणि ते करणे, ही तीन कामे जे यंत्र आपले आपण करते त्याला यंत्रमानव म्हणावे. शब्द शंभर वर्षांचा आहे, पण माणसाची वेठ यंत्रावर टाकण्याची कल्पना पुष्कळ जुनी आहे. तिच्या खुणा आपल्या शहरात आपण रोज पाहतो.

एका गुलामाने वसविलेले शहर

मलिक अंबर याचा जन्म १५४८ च्या सुमारास हबश देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. बगदादमार्गे तो दख्खनेत आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याच्या पदरी राहिला. हा चंगेजखानही हबशीच होता. पुढे अंबर स्वतः त्या राज्याचा कर्ताधर्ता झाला. त्याने १६१० मध्ये खडकी येथे राजधानी वसविली. हेच गाव पुढे फतेहनगर झाले, १६५३ नंतर औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर आहे.

राजधानी वसविणे सोपे, पण तिला पाणी पाजणे कठीण. मलिक अंबरने उत्तरेकडील डोंगराच्या पायथ्याचे, जमिनीखालचे झिरपते पाणी भुयारी कालव्याने शहरात आणले. तोच ‘नहर-ए-अंबरी’. ह्या कालव्याला पंप नव्हता, इंजिन नव्हते. होता तो फक्त जमिनीचा उतार, आणि तो नेमका मोजणारी माणसे. उतार जास्त झाला तर पाणी भुयार खरवडते आणि कमी झाला तर गाळ साचतो. मैलोन्‌मैल जमिनीखाली हा हिशेब सांभाळणाऱ्या कारागिरांची नावे आज आपल्याला ठाऊक नाहीत. परंतु त्यांचे पाणी ह्या शहराने शतकानुशतके प्याले आहे.

पाणचक्की : पाणी दळते तेव्हा

विद्यार्थी मित्रांनो, पाणचक्की तुम्ही सहलीत पाहिली असेलच. हौद, कारंजे आणि मासे पाहून आपण परत येतो. पुढच्या वेळी जरा चक्कीपाशी थांबा. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या ह्या आवारात डोंगराकडील झऱ्याचे पाणी खापरी नळांतून आणले आहे. ते प्रथम उंच भिंतीवर चढते. बंद नळातले पाणी आपल्या मूळ उंचीच्या जवळपास पुन्हा चढू शकते, हा नियम तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचता. येथे तो चुन्या-दगडात बांधलेला आहे. वरून पडणारे पाणी खाली आडव्या बसविलेल्या चाकाच्या पात्यांवर आदळते, चाकाचा उभा कणा फिरतो आणि त्याच्या टोकावरची जात्याची वरची तळी फिरू लागते. येथे दळलेल्या पिठावर फकिरांचे आणि वाटसरूंचे लंगर चालत असे.

आपल्या आज्या-पणज्यांचा दिवस पहाटे जात्यावर सुरू होत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे पाणचक्कीचे मोल कळते. कोणाच्याही खांद्यावर भार न टाकता ती दळीत होती. ‘रोबोटा’ म्हणजे वेठ असेल, तर ती वेठ पाण्यावर सोपविण्याचे काम ह्याच गावात अठराव्या शतकापासून होत आले आहे.

बगदाद आणि दियारबकीरचे ग्रंथ

पाणचक्की स्वतः निर्णय घेत नाही, ती केवळ फिरते. ठराविक वेळी ठराविक कृती करणारी यंत्रे पाहायची तर आपल्याला आणखी मागे जावे लागेल. नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा म्हणून ओळखले जाणारे तीन भाऊ होते. त्यांनी ‘किताब अल-हियल’ ह्या ग्रंथात सुमारे शंभर करामती यंत्रांचे वर्णन केले. त्याच काळात त्याच शहरात अल-ख्वारिझ्मी हा गणिती काम करीत होता. त्याच्या ग्रंथाच्या नावातील ‘अल-जब्र’ पासून ‘अल्जिब्रा’ आणि त्याच्या स्वतःच्या नावापासून ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला. यंत्रमानवाला पायरीपायरीने जी आज्ञावली दिली जाते तिला आज अल्गोरिदम म्हणतात.

त्यानंतरचे मोठे नाव अल-जझरी. दियारबकीरच्या अर्तुकी राजांच्या पदरी त्याने सुमारे पंचवीस वर्षे यंत्रे बनविली आणि १२०६ मध्ये पन्नास यंत्रांचा सचित्र ग्रंथ पूर्ण केला. डोनाल्ड हिल यांनी १९७४ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. ह्या ग्रंथातील हत्तीचे घड्याळ विशेष प्रसिद्ध आहे. हत्तीच्या पोटातील हौदात तळाला भोक असलेले एक पात्र तरंगते. ते अर्ध्या तासात भरून बुडते, बुडताना दोरी ओढते, वरून एक गोळा सुटून सापाच्या तोंडात पडतो आणि माहूत ठोका देतो. साप खाली झुकला की बुडालेले पात्र पुन्हा वर येते व पुढचा अर्धा तास सुरू होतो. वाचकहो, हे पात्र आपल्याला अपरिचित नाही. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी आपल्याकडे जे घटिकापात्र पाण्यात सोडीत, त्याचाच हा भाऊ. अल-जझरीने ह्या एकाच घड्याळात भारताचा हत्ती, चीनचे नाग आणि ग्रीकांची पाण्याची कला एकत्र आणली. ज्ञान कोणाचे, हा प्रश्न त्याला अडला नाही.

त्याची दुसरी गोष्ट आमच्या पेशाला लागू पडते. हाताने करून न पाहिलेल्या विद्येवर त्याचा विश्वास नव्हता. दुसऱ्याने लिहिले म्हणून खरे, असे तो मानीत नसे. तो जुळणी करी, चालवून पाही आणि चुकले तर पुन्हा जुळवी. त्याने एक नौकाही रचली होती. तिच्यातील पुतळे वाद्ये वाजवीत. फिरत्या लाकडी रुळावरील खुंट्या त्यांचे हात हलवीत. खुंट्यांची जागा बदलली की ठेकाही बदलेल, असे काही अभ्यासक मानतात.

खुंट्यांवरून आपल्या हिमरूची आठवण होते. सुती ताण्यावर रेशमाची वेलबुट्टी उठविणारा विणकर पूर्वी संपूर्ण नक्षी दोऱ्यांच्या जाळ्यात आधी बांधून ठेवी. मग कोणते दोर केव्हा उचलायचे ते जाळेच सांगे. १८०४ मध्ये फ्रान्सच्या जाकारने हेच काम भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर सोपविले आणि त्या पुठ्ठ्यांवरून पुढे गणकयंत्राला आज्ञा देण्याची कल्पना निघाली. तेव्हा आपल्या मोहल्ल्यातील हिमरूचा विणकर आणि संगणकासमोर बसलेला त्याचा नातू एकाच जातीचे काम करतात, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

स्पर्धेची तयारी म्हणजे काय?

आता आजच्या स्पर्धांकडे वळू. आशिया व पॅसिफिक प्रदेशातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी ‘रोबोकॉन’ ही स्पर्धा २००२ मध्ये टोकियोत सुरू झाली. दर वर्षी यजमान देश आपल्या संस्कृतीतील विषय देतो. २००८ मध्ये ती पुण्यात झाली तेव्हा विषय होता गोविंदा, म्हणजे आपली दहीहंडी! देशोदेशीच्या यंत्रांनी हंडीतले लोणी काढायचे होते. २०१० मध्ये कैरोत पिरॅमिड रचायचे होते. २०१४ मध्ये स्पर्धा पुन्हा पुण्यात आली, तेव्हाचा विषय पालकांनी लक्षात ठेवावा असा होता : एक पालक-यंत्र आणि एक बाल-यंत्र. पालकाने बाळाला सी-सॉ, झोपाळा अशा खेळांपर्यंत न्यायचे. पालक-यंत्र माणसाने चालवायचे, बाल-यंत्र मात्र स्वयंचलित!

शाळकरी मुलांसाठी ‘वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाड’ ही स्पर्धा २००४ पासून होते. तिच्यात दोन-तीन मुलांचा संघ आणि एक मार्गदर्शक असतो. स्पर्धेच्या वेळी मार्गदर्शकाने यंत्राला हात लावायचा नाही, असा नियम आहे. आपल्या देशात २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब योजनेतून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळांना वीस लाख रुपयांपर्यंतचे अनुदान देण्यात आले, त्यामुळे ही साधने पुष्कळ साध्या शाळांपर्यंतही पोहोचली.

तयारी कशी चालते ते पाहण्यासारखे असते. समजा, यंत्राने काळ्या पट्टीवरून चालायचे आहे. त्याच्या पोटाखाली प्रकाश मोजणारा डोळा बसविलेला असतो. पांढऱ्या जमिनीवरून प्रकाश जास्त परत येतो, काळ्यावरून कमी. सकाळी यंत्र बिनचूक चालते, पण दुपारी खिडकीतून ऊन आले की तेच यंत्र वाट सोडते. आज्ञावली तीच, पण उजेड बदलला! मग मुले डोळ्याभोवती आडोसा करतात आणि स्पर्धेच्या सभागृहात गेल्यावर प्रथम तेथला उजेड मोजायचा, असे वहीत लिहून ठेवतात. ‘दोन सेकंद पुढे जा’ अशी आज्ञा दिली तर भरलेल्या बॅटरीवर यंत्र जास्त अंतर जाते आणि उतरलेल्या बॅटरीवर कमी. मग वेळ मोजण्याऐवजी चाकाचे फेरे मोजायचे, असे ठरते. ‘चूक कोणाची?’ ह्या वादाची जागा हळूहळू ‘चूक कोठे आहे?’ हा प्रश्न घेतो. ज्या वर्गात हा बदल घडतो तेथे शिक्षण घडले, असे मी शिक्षक म्हणून समजतो.

हेरातच्या मुली

ज्या पालकांना वाटते की हे काम आपल्या मुलींचे नाही, त्यांनी पुढील हकिगत जरूर वाचावी. २०१७ च्या जुलैत वॉशिंग्टन येथे ‘फर्स्ट ग्लोबल’ ही शालेय स्पर्धा झाली. दीडशेहून अधिक देशांचे संघ आले होते. विषय होता स्वच्छ पाणी : निळे चेंडू म्हणजे शुद्ध पाणी आणि नारिंगी चेंडू म्हणजे दूषित, ते यंत्राने वेगळे करायचे. अफगाणिस्तानातील हेरात शहरातून सहा मुलींचा संघ तयारी करीत होता. त्यांचे सामान अडकून पडले, तेव्हा त्या हाती लागेल त्यावर सराव करीत राहिल्या. व्हिसासाठी हेरातहून काबूलला त्या दोनदा गेल्या आणि दोन्ही वेळा नकार मिळाला. अखेर अगदी शेवटच्या क्षणी परवानगी मिळाली. त्या गेल्या आणि धैर्यासाठी असलेल्या पारितोषिकाचे रौप्यपदक घेऊन आल्या. ह्या पारितोषिकाला रजा शेरकावी अल-मुरसली ह्या मोरोक्कोच्या महिला अणुशास्त्रज्ञाचे नाव आहे. २०२० च्या साथीत ह्याच गटातील मुलींनी मोटारीचे सुटे भाग वापरून स्वस्त व्हेंटिलेटर बनविण्याची खटपट केली. २०२१ मध्ये तेथील राजवट बदलली, मुलींच्या सहावीपुढच्या शाळा बंद झाल्या आणि संघातील कित्येकींना देश सोडावा लागला. आपल्या मुलींची शाळा उघडी आहे आणि तेथे जाण्याला कोणाच्या व्हिसाची गरज नाही. अडवणारा असलाच तर तो आपल्याच घराचा उंबरठा असेल.

ह्याच स्पर्धेच्या एका पारितोषिकाला ताजमहालाचे स्थापत्यकार उस्ताद अहमद लाहोरी यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांचे पुत्र अताउल्ला आपल्या शहरातील बीबी का मकबऱ्याचे स्थापत्यकार. मकबऱ्याच्या मुख्य दरवाजावर अताउल्ला यांच्याबरोबर हंसपत राय ह्या अभियंत्याचेही नाव कोरलेले आहे. आराखडा एकाचा, बांधणीचा हिशेब दुसऱ्याचा, आणि वास्तू दोघांची. संघाने काम करणे म्हणजे काय, ते त्या दरवाजावर लिहिलेले आहे.

पालकांना विनंती

‘हे आपले काम आहे का?’ ह्या प्रश्नाचे उत्तर आता आपणच द्यावे. इतिहासाचा अभिमान बाळगून यंत्र चालत नाही, हेही तितकेच खरे. अल-जझरीचे नाव घेतल्याने कोणाचे यंत्र काळ्या पट्टीवरून चालू लागणार नाही. पण जी मुले ‘हे दुसऱ्यांचे आहे’ असे मनात धरून मागे उभी राहतात, त्यांना पुढे आणण्यापुरता हा इतिहास नक्कीच उपयोगी आहे.

तेव्हा तीन गोष्टी करा. मुलांना, आणि विशेषतः मुलींना, शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोन दिवस एक तास अधिक थांबू द्या आणि परतीच्या वाटेची सोय आपण मिळून करू. घरात बिघडलेला पंखा किंवा रेडिओ भंगारात देण्यापूर्वी, वीज पूर्ण बंद करून, मुलांना मोठ्यांच्या देखरेखीखाली तो उघडून पाहू द्या. गॅरेजात, वर्कशॉपमध्ये किंवा मागावर काम करणाऱ्या पालकांनी तर संकोच सोडून शाळेत यावे, कारण नट किती आवळावा ते पुस्तक सांगत नाही, तुमचा हात सांगतो. आणि स्पर्धेच्या दिवशी मात्र बाहेर बाकावर शांत बसा. आत यंत्र अडले तरी उठू नका. मुले ते पुन्हा चालवतील.