बाउमकूखेन : युद्धकैद्याच्या हातचा केक

१/१० हिरोशिमात नदीकाठी अणुबॉम्बने होरपळलेल्या एका इमारतीचा घुमट आजही उभा आहे. त्याचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याच इमारतीत ४ मार्च १९१९ रोजी एका जर्मन युद्धकैद्याने भाजलेला केक जपानी लोकांनी प्रथम चाखला. आजचा धागा त्या केकविषयी आणि तो जपानमध्ये रुजवणाऱ्या दांपत्याविषयी.

२/१० केकचे नाव बाउमकूखेन. ‘बाउम’ म्हणजे झाड, ‘कूखेन’ म्हणजे केक. आडवा कापला की खोडातील वर्षवलयांसारखी सोनेरी-तपकिरी वलये दिसतात, म्हणून हे नाव. जर्मनीत तो मुख्यतः नाताळात आणि लग्नासारख्या मंगल प्रसंगी खाल्ला जातो.

३/१० त्याचे मूळ सळईवर भाजण्याच्या जुन्या युरोपीय पद्धतीत आहे. १५व्या शतकात पिठाची लांब पट्टी सळईभोवती गुंडाळून निखाऱ्यांवर भाजत. पुढे पट्टीची जागा पातळ मिश्रणाने घेतली आणि थरावर थर चढू लागले. झाल्त्सवेडेल हे गाव या केकसाठी विशेष प्रसिद्ध. १८४१ मध्ये प्रशियाचा राजा चौथा फ्रीडरिश विल्हेल्म तेथे आला असता त्याला हाच केक देण्यात आला होता.

४/१० कृती दिसते सोपी, पण कसोटी पाहणारी. आगीसमोर आडवा रूळ फिरत असतो. त्यावर मिश्रणाचा पातळ थर द्यायचा, तो तपकिरी झाला की पुढचा. असे दहा-वीस थर. जर्मन नियमांनुसार पिठाइतके किमान लोणी, पिठाच्या किमान दुप्पट अंडी आणि बेकिंग पावडर मुळीच नाही. केक हलका होतो तो फेटलेल्या अंड्यांमुळे.

५/१० घरी रूळ नसेल तर? २५० ग्रॅम लोणी आणि २५० ग्रॅम साखर फेटा. त्यात ६ अंड्यांचे बलक, व्हॅनिला, चिमूटभर मीठ, १५० ग्रॅम मैदा व १०० ग्रॅम कॉर्नफ्लोअर मिसळा. अंड्यांचा पांढरा भाग घट्ट फेटून हलक्या हाताने घाला. भांड्यात पातळ थर पसरून ओव्हनच्या वरच्या आचेखाली दोन-तीन मिनिटे भाजा. रंग आला की पुढचा थर. केक गार झाल्यावर वरून वितळलेले चॉकलेट ओता.

६/१० आता इतिहासाकडे. कार्ल युखहाइम हा जर्मन मिठाईवाला चीनमधील छिंगताओ येथे दुकान चालवत असे. हे बंदर तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होते. पहिले महायुद्ध पेटले आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये जपानने ते जिंकले. १९१४ मध्येच कार्लचा एलिझेशी विवाह झाला होता. पत्नीला मागे ठेवून त्याला युद्धकैदी म्हणून जपानला जावे लागले.

७/१० आधी ओसाका आणि नंतर हिरोशिमाजवळचे निनोशिमा बेट, असा त्याचा बंदिवास. कैद्यांनी बनवलेल्या वस्तूंचे प्रदर्शन हिरोशिमाच्या वस्तुसंग्रह भवनात भरले. ही इमारत यान लेत्झेल या चेक वास्तुविशारदाने उभारलेली होती. तेथे कार्लने मांडलेला बाउमकूखेन लोकांना आवडला. सुटकेनंतर त्याने मायदेशी न परतता जपानमध्येच राहायचे ठरवले.

८/१० १९२२ मध्ये पतिपत्नींनी योकोहामात दुकान उघडले. १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपात ते नष्ट झाले. दोघे कोबेला गेले आणि पुन्हा शून्यातून उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धात कोबेही हवाई हल्ल्यांत बेचिराख झाले. युद्ध, भूकंप, पुन्हा युद्ध : तीन शहरांत तीनदा उभारलेला संसार तीनदा मोडला.

९/१० ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब पडला. स्फोटाचा केंद्रबिंदू त्या प्रदर्शनाच्या इमारतीपासून सुमारे १६० मीटरवर होता. तीच इमारत आज ‘अणुबॉम्ब घुमट’ म्हणून ओळखली जाते. हजारो जखमींना ज्या बेटावर नेण्यात आले, ते निनोशिमाच. १४ ऑगस्टला कार्लने प्राण सोडले. दुसऱ्याच दिवशी जपानच्या सम्राटाने शरणागती जाहीर केली. मुलगाही युद्धात मारला गेला होता. १९४७ मध्ये एलिझेला जर्मनीत परत धाडण्यात आले.

१०/१० पण त्यांच्याकडे काम केलेले जपानी कारागीर मागे राहिले होते. त्यांनी व्यवसाय पुन्हा सुरू केला आणि १९५३ मध्ये एलिझेला परत बोलावले. आज जपानमध्ये लग्नात पाहुण्यांना बाउमकूखेन भेट देतात. त्याची वलये दीर्घायुष्याचे व अखंड समृद्धीचे प्रतीक मानली जातात. त्या दोघांच्या आयुष्यातली वलये मात्र सारखी तुटत राहिली, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी नवा थर चढवत राहिले. इतिहास केवळ तहांत आणि लढायांत नसतो. एखाद्या कारागिराच्या हातातही तो जपलेला असतो.