दौलताबादचा घाट आणि मागचा गिअर

परवाच्या रविवारी दौलताबादच्या घाटात माझ्या सायकलचा मागचा गिअर मोडला. नुसता मोडला असता तरी चाललं असतं, तो पिळवटून चाकाच्या तारांत जाऊन बसला. मागे किल्ला, पुढे कागझीपुरा आणि मधे मी, सायकल ढकलत. महंमद तुघलकानं १३२७ साली दिल्लीहून इथे राजधानी हलवली, त्या लोकांचे हालही असेच झाले असतील असा एक विचार मनात येऊन गेला... असो.

खरं आठवले ते वडील. सत्तरच्या दशकात ते खुलताबादला शिक्षक होते आणि याच चढावर सायकल ढकलायचे. काळी अ‍ॅटलास, पुढे ४४ दात, मागे १८. (ती सायकल अजून आमच्याकडे आहे, दात मी स्वतः मोजलेत.) म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरणार. सपाटीला झकास, पण घाट लागला की उतरायचं. त्यात कमीपणा वाटायचं काही कारणच नव्हतं, सगळेच उतरायचे.

कमीपणा वाटायचा तो गिअर लावण्याचा, आणि तोही फ्रान्समध्ये! १९०३ साली टूर द फ्रान्स शर्यत सुरू करणाऱ्या आंरी देग्रांजला गिअर बदलणारी सायकल मुळीच आवडायची नाही. गिअर हे पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी, असं त्याचं मत सांगतात. (मी ती कधीच ओलांडली आहे, त्यामुळे माझा राग समजून घ्या.) त्याच काळात सेंट एतियेनचा पॉल द विवी, टोपणनाव वेलोसिओ, डोंगर चढून-उतरून आणि आपल्या मासिकातून लिहून गिअरचा प्रचार करत होता. टूरमध्ये डिरेलरला परवानगी मिळाली ती १९३७ साली, देग्रांज सूत्रधारपदावरून बाजूला झाल्यावर.

पण मागच्या डिरेलरला ती लांब लोंबती केज का असते, हे समजायला दात मोजावे लागतात. केज म्हणजे दोन पुल्यांची ती पट्टी. तिचं काम ढिली पडणारी चेन ताणून धरण्याचं. पुढे मोठं चक्र आणि मागेही मोठं चक्र असेल तेव्हा चेन सर्वांत जास्त लागते, दोन्हीकडे लहान असेल तेव्हा सर्वांत कमी. हा सगळा फरक केजनं गिळायचा. हिशेब सोपा आहे: पुढच्या मोठ्या-लहान चक्रांच्या दातांमधला फरक, अधिक मागच्यांमधला फरक. माझ्या सायकलला पुढे ४२-३२-२२ आणि मागे ११ ते ३२. म्हणजे २० अधिक २१, एकूण ४१.

पुढची ही तीन चक्रं म्हणजे डोंगरी सायकलचा वारसा. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत १९७६ साली काही वेड्या मंडळींनी जुन्या जाड टायरच्या सायकलींवर डोंगर उतरायची शर्यत लावली. उतरणाऱ्याला पुन्हा चढावंही लागतंच. १९८२ साली शिमानोनं डोंगरी सायकलसाठी खास देओरे एक्सटी हा संच काढला, आणि तीन चक्रं नि लांब केज हा जोडा पुढे वर्षानुवर्षं टिकला.

माझी लांब केज मात्र गोगाबाबा टेकडीच्या उतारावर एका काळ्या फत्तरानं वाकवली. जितकी लांब तितकी जमिनीच्या जवळ, हा तिचा दोष. दुकानात मधली केज मिळाली, पाकिटावर क्षमता लिहिलेली ३५. मी विचारलं तर उत्तर आलं, "चालतं हो काका, सगळ्यांना हीच बसवतो." बसली, पण लहान-लहान जोडीवर चेन लोंबायला लागली. मग मिस्त्रीनं चेनच्या दोन कड्या काढल्या. लोंबणं थांबलं आणि मी खूश! घाटात दमलेल्या पायांनी, पुढे ४२ वरच आहे हे विसरून, मागे ३२ वर टाकलं. चेन पुरली नाही. पुढचं सांगितलंच आहे.

दुकानदारावर रागावलो, पण मनातल्या मनात. पाकिटावरचा आकडा मीही वाचला होता. बेरीज मात्र घरी आल्यावर केली.

आता तुम्ही म्हणाल, पुढे एकच चक्र ठेवा की. २०१२ मध्ये स्रॅमनं डोंगरी सायकलला पुढे एकच चक्र आणि मागे ११ आणली, तेव्हा वाटलं लांब केजचे दिवस संपले. कशाचे संपतात! मागची कॅसेट वाढत वाढत २०१८ मध्ये शिमानोच्या संचात १० ते ५१ वर गेली. म्हणजे फरक पुन्हा ४१, अगदी माझ्या जुन्या सायकलइतका. केज पुन्हा लांब.

एवढा खर्च मला झेपणारा नाही. मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ४२ चं चक्र मी वापरतो कुठे? जालना रोडवर, आणि तेही फुशारकी म्हणून. ते काढलं की पुढचा फरक १०, मागचा २१, बेरीज ३१. पस्तिसात आरामात बसतं. नवा हँगर, दुसरी मधली केज आणि नवी चेन घेतली. ती चेन यावेळी मोठ्या-मोठ्या जोडीवर मापून कापली, मी शेजारी उभं राहून.

पुढच्या रविवारी २२-३२ वर घाट चढलो. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा पाऊण फेरासुद्धा नाही. एक आजोबा काठी टेकत चालले होते, ते बराच वेळ माझ्या बरोबरीनं होते. "गिअरची आहे का?" त्यांनी विचारलं. हो म्हटलं. ते म्हणाले, "मग उतरा ना, चालत लवकर पोचाल."

उतरलो नाही.