गळक्या टाकीची दुरुस्ती : जुहूच्या मॉथपासून उसाच्या इथेनॉलपर्यंत

मुंबईत १९२८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबने जुहूच्या मैदानावर ज्या विमानांतून उड्डाणाचे शिक्षण सुरू केले, ती द हॅविलंड कंपनीची ‘मॉथ’ जातीची दुपंखी विमाने होती. या विमानांची पेट्रोलची टाकी वरच्या पंखाच्या मधल्या भागात, पुढच्या आसनावरील माणसाच्या जवळजवळ डोक्यावरच बसवलेली असे. टाकी उंचावर आणि इंजिन तिच्यापेक्षा खाली, अशी रचना असल्यामुळे पेट्रोल स्वतःच्या वजनानेच कार्ब्युरेटरपर्यंत, म्हणजे पेट्रोल व हवा यांचे मिश्रण करणाऱ्या भागापर्यंत, उतरत असे आणि पंपाची गरज पडत नसे. पंपच नसल्याने तो बिघडण्याचा प्रश्न नव्हता, हा या साधेपणाचा मोठा लाभ होता. परंतु टाकीचा एखादा सांधा सुटला की गळणारे पेट्रोल थेट आसनावर आणि पंखाच्या कापडावर येई, ही त्याची दुसरी बाजू होती. ते कापड ताठ राहावे म्हणून त्यावर ‘डोप’ नावाचा, सेल्युलोजपासून केलेला लेप चढवलेला असे, आणि हा लेप स्वतःच झटकन पेट घेणारा होता. त्यामुळे टाकीची गळती हा नुकसानीपेक्षा आगीचा प्रश्न म्हणून पाहिला जाई.

त्या काळातील हलक्या विमानांच्या टाक्या बहुधा कथिलाचा किंवा शिसे-कथिलाचा मुलामा दिलेल्या पातळ पोलादी पत्र्याच्या केलेल्या असत. पत्र्याच्या कडा एकमेकींत दुमडून, जागोजागी रिव्हेट मारून, वरून शिसे-कथिलाच्या मिश्रणाचे झाळकाम केले की सांधा बंद होई. टाकीच्या आत भोके पाडलेले पत्र्याचे आडवे पडदे बसवावे लागत, कारण विमान कलले की अर्ध्या भरलेल्या टाकीतील पेट्रोल एका बाजूला धावते आणि नळीच्या तोंडाशी हवा येऊन इंजिन अडखळण्याचा धोका असतो. टाकी फुटण्याची सुरुवात बहुतेक वेळा या पडद्यांपाशीच होई. इंजिनाची थरथर आणि ओबडधोबड मैदानावर उतरतानाचे धक्के सबंध पत्र्यावर सारखे पसरत नाहीत, तर जिथे पत्रा ताठ धरलेला असतो तिथे, म्हणजे पडद्याच्या रिव्हेटांभोवती आणि कोपऱ्यांच्या घडीवर, एकवटतात. मऊ झाळण हा ताण काही वर्षे सोसते, मग त्यात केसासारखी चीर पडते.

दुसरे कारण पाण्याचे. अर्धवट रिकाम्या टाकीतील दमट हवा रात्री गार झाली की आतल्या भिंतींवर दव धरते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते तळाशी साचते आणि जिथे मुलामा खरवडला गेला असेल तिथे पत्र्याला आतून गंज चढतो. समुद्रकाठच्या जुहूला हे विशेष लागू होते. टाकी पट्ट्यांनी आवळताना पत्रा घासू नये म्हणून पट्टीखाली नमद्याचा तुकडा ठेवण्याची पद्धत होती, आणि पत्र्याच्या रक्षणासाठी घातलेला तोच नमदा ओल धरून ठेवी व बाहेरून न दिसणारा गंज पोशी. जुन्या विमानाची टाकी उतरवली की पट्टीखालचा भाग प्रथम तपासण्याचा प्रघात यातूनच पडला.

टाटांच्या नियमित हवाई टपालसेवेच्या पहिल्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा कराचीहून पस मॉथ विमान घेऊन निघाले, तेव्हा अहमदाबादला त्यांच्या विमानासाठी बर्मा-शेलचे पेट्रोल बैलगाडीतून, चार गॅलनच्या पत्र्याच्या डब्यांमधून आणण्यात आले होते. हा प्रसंग सहसा नवलाची गोष्ट म्हणून सांगितला जातो. परंतु कारागिरीच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यातली बैलगाडी गौण आहे, महत्त्वाचा आहे तो डबा. चार गॅलनचे, म्हणजे सुमारे अठरा लिटरचे, हे डबे कथिलाच्या मुलाम्याच्या पत्र्याचे व झाळलेल्या सांध्यांचे असत, आणि अशा डब्यांसाठी लागणारा पत्रा देशातच तयार व्हावा म्हणून बर्मा ऑइल आणि टाटा यांनी १९२० मध्ये जमशेदपूरला टिनप्लेट कंपनी काढली होती. इंधन ज्या डब्यातून आले तो डबा आणि ते ज्या टाकीत ओतले जाई ती टाकी, या दोन्ही वस्तू एकाच जातीच्या कारागिरीतून निघत.

ही कारागिरी शहरापुरती नव्हती. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील अवसरी बुद्रुकसारख्या, मंचरच्या बाजारपेठेशी जोडलेल्या गावांत रॉकेलचा रिकामा डबा टाकून देण्याची वस्तू कधीच नव्हती. त्याचे धान्याचे डबे होत, पाणी भरण्याची भांडी होत, कापून सरळ केलेला पत्रा छपराला लागे, आणि तो गळू लागला की डाक देऊन घेतला जाई. डाक देणे आणि कल्हई करणे या मात्र दोन वेगळ्या क्रिया आहेत. कल्हईत तांब्या-पितळेचे भांडे तापवून, नवसागराने पृष्ठभाग स्वच्छ करून, वितळलेल्या कथिलाचा पातळ थर आतून फिरवतात, तो अन्न कळकू नये म्हणून. डाक देण्यात कथील आणि शिसे यांचे मिश्रण सांध्यात उतरवून फट बंद करतात. दोहोंचे मर्म मात्र एकच आहे : धातू निर्मळ नसेल तर कथील धरत नाही. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीपासून गावोगाव फिरणाऱ्या कल्हईवाल्यापर्यंत ज्यांच्या हाताला हे माहीत होते, त्यांना विमानाच्या टाकीच्या सांध्यात अनोळखी असे फारसे काही दिसले नसते. अर्थात यावरून गावच्या कारागिराने विमाने दुरुस्त केली असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. विमानाला लागे तो दुरुस्तीची जबाबदारी लेखी स्वीकारणारा परवानाधारक अभियंता, आणि १९३४ चा विमान कायदा व १९३७ चे विमान नियम आल्यावर ही अट भारतात पक्की झाली.

टाटांच्या टपालसेवेला पावसाळ्याने पुणे जिल्ह्यात आणले. जुहूचे मैदान पावसात चिखलाने भरून जाई, म्हणून सेवेचा सारा पसारा, मोजकी विमाने, वैमानिक आणि मेकॅनिक यांच्यासह, पावसाळ्यापुरता पुण्याला हलवला जाई व येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावरून उड्डाणे होत. पस मॉथच्या टाक्या डोक्यावर नव्हे, तर दोन्ही पंखांच्या मुळाशी होत्या. त्यामुळे गळती झाली तरी ती लगेच अंगावर न येता पंखाच्या आत मुरत राही आणि कापडावर डाग उमटेपर्यंत कळत नसे.

झाळलेली टाकी दुरुस्त करण्याची रीत सांगायला सोपी आणि करायला जिवावरची होती. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक, कारण पेट्रोल द्रवरूपात स्फोट करत नाही, त्याची वाफ हवेत मिसळली की करते, आणि रिकाम्या टाकीत नेमके हेच मिश्रण कोंडलेले असते. म्हणून टाकी उतरवून, गरम पाण्याने वारंवार धुऊन, पुढे बराच वेळ वाफ सोडून आतील सर्व बाष्प घालवल्याशिवाय तिच्याजवळ झाळकामाची तापलेली कावी नेत नसत. चीर शोधण्यासाठी टाकीची तोंडे बंद करून आत थोडी हवा भरत आणि सांध्यांवर साबणाचे पाणी फासत. बुडबुडा फुगेल तिथे खूण. जिथे बुडबुडाही दिसत नसे तिथे बाहेरून खडूची भुकटी लावून आतून रॉकेल फिरवत, आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटली की चीर सापडे. मग जुने झाळण काढून, पत्रा घासून उजळ करून, नवे झाळण उतरवायचे. शिसे-कथिलाचे नेहमीचे मिश्रण १८३ अंशांच्या आसपास वितळू लागते, त्यामुळे एक सांधा नीट करताना शेजारचा सुटणे ही नित्याची गोष्ट होती, आणि चांगला कारागीर ओल्या फडक्यांनी शेजारचे सांधे थंड ठेवी.

दुसऱ्या महायुद्धानंतर ॲल्युमिनियमच्या टाक्या सर्वत्र आल्या आणि हे ज्ञान बरेचसे निरुपयोगी झाले. याच काळात भारतात हलकी विमाने बनू लागली, आणि त्यामागे कोल्हापूरजवळच्या हसूर गावी १९०८ मध्ये जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे होते. जर्मनीत गॉटिंगेन येथे लुडविग प्रान्टल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून परतलेल्या घाटगे यांनी बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये १९५१ मध्ये उडालेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान घडवले, आणि १९५८ मध्ये दोन आसनी ‘पुष्पक’. नव्वद अश्वशक्तीच्या इंजिनाची आणि कापडी आवरणाची पुष्पक विमाने देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेली, आणि वैमानिकांच्या एका पूर्ण पिढीचे हात त्यांवर बसले.

ॲल्युमिनियम हलके आहे आणि त्याला गंज चढत नाही, हे खरे. परंतु त्याची दुरुस्ती झाळकामाहून कठीण आहे. हा धातू ६६० अंशांना वितळतो, मात्र त्याच्या अंगावर हवेने धरलेली ऑक्साइडची पापुद्र्यासारखी साय दोन हजार अंशांच्या पुढे वितळते. शिवाय तापताना तो पोलादासारखा लाल होत नाही, त्यामुळे वेल्डिंग करणाऱ्याला कसलीच सूचना न मिळता पत्र्यात भोक पडते. साय फोडण्यासाठी क्षारांचे ‘फ्लक्स’ वापरावे लागे, आणि काम संपल्यावर ते गरम पाण्याने व सौम्य आम्लाने धुऊन काढले नाही तर मागे राहिलेला कण हवेतील ओल शोषून त्याच जागी पत्रा पोखरू लागे. जुन्या ॲल्युमिनियम टाक्यांच्या कित्येक गळत्या मूळ दोषाच्या नसून अशा आधीच्या दुरुस्तीच्या असतात. दुरुस्त टाकी पुन्हा बसवण्यापूर्वी दाबाखाली तपासली जाते. हलक्या विमानांच्या २०१७ पूर्वीच्या अमेरिकी नियमांत अशा धातूच्या टाकीसाठी चौरस इंचाला साडेतीन पौंड, म्हणजे सुमारे आठ फूट उंच पाण्याच्या स्तंभाइतका, दाब ठरवलेला होता. आकडा किरकोळ वाटतो, पण मोठ्या सपाट पत्र्यावर तेवढाही दाब पडला की टाकी डोळ्यांदेखत फुगते, म्हणून हवा सावकाश भरावी लागते.

वेल्डिंगचा हा खटाटोप टाळण्यासाठी एक सोपा उपाय निघाला : टाकीत रसायनाचे पातळ द्रावण ओतायचे, टाकी सर्व अंगांनी फिरवायची, उरलेले काढून घ्यायचे, म्हणजे आतून अस्तर चढते आणि बारीक चिरा बुजतात. विमान पंख न उघडता पुन्हा उडू लागे, त्यामुळे हा उपाय लोकप्रिय झाला यात नवल नाही. तथापि या अस्तराने जितके प्रश्न सोडवले त्याहून अधिक पुढच्या पिढीच्या माथी मारले, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. काही वर्षांनंतर ते सुटू लागते, त्याचे पापुद्रे गाळणीत अडकतात, आणि इंधनाचा प्रवाह बंद पडणे हे गळतीपेक्षा कितीतरी गंभीर संकट आहे. अस्तर चढलेली टाकी मग धड वेल्डिंगलाही उपयोगी पडत नाही.

जुन्या अस्तरांना सर्वांत मोठा धोका मद्यार्काचा आहे, आणि इथे हा इतिहास पुन्हा आंबेगावच्या शिवारात येतो. भीमाशंकर सहकारी साखर कारखाना ज्या गावच्या हद्दीत उभा आहे त्याचे नावच पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक असे आहे. अवसरीच्या परिसरातील ऊस हे आता तालुक्याच्या अर्थकारणातील एक महत्त्वाचे पीक आहे, आणि महाराष्ट्रातील साखर उद्योगाला ज्या उपउत्पादनाने नवा आधार दिला ते म्हणजे इथेनॉल, हाच तो मद्यार्क. भारतात २००३ मध्ये काही राज्यांत पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्यास सुरुवात झाली, २०२२ मध्ये हे प्रमाण दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर गेले. शेतकऱ्याला हे लाभाचे आहे आणि त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु इथेनॉल पाणी शोषते, जुन्या रबरी नळ्या फुगवते आणि कित्येक जुनी अस्तरे विरघळवते. त्यामुळे रस्त्यावरच्या पंपाचे पेट्रोल पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या विमानात भरणे हा आता निव्वळ नियमभंग राहिलेला नाही, तो टाकी फोडण्याचा मार्ग आहे.

अशा विमानांना लागते ते खास विमान-पेट्रोल, ज्यात निळा रंग मिसळलेला असतो. टाकीच्या सांध्याखाली, रिव्हेटभोवती उमटलेला आणि धूळ धरलेला निळसर डाग हीच आज गळतीची पहिली खूण मानली जाते. नुसता डाग, ओलसर झिरप आणि वाहती धार असे टप्पे करून पहिल्यावर लक्ष ठेवायचे आणि शेवटच्याला विमान जागेवरच थांबवायचे, ही सर्वमान्य रीत आहे. जे. आर. डी. टाटांनी १९८२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, लेपर्ड मॉथ विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला तेव्हा त्या जातीच्या विमानाला जवळपास पन्नास वर्षे होत आली होती. इतक्या जुन्या यंत्राची टाकी ठिगळे लावून चालवावी की मूळ टाकीच्या मापाने नवी घडवून घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर जगभरचे जाणकार आता बहुधा दुसऱ्या बाजूने देतात, कारण थकलेल्या पत्र्यावरील प्रत्येक ठिगळ शेजारच्या पत्र्याला नवा ताण देते. नवी टाकी घडवताना मात्र जाडी, मिश्रधातू आणि पडद्यांची रचना मूळ आराखड्याबरहुकूम असावी लागते व तिला मंजुरी घ्यावी लागते. भारतात हे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या कक्षेत येते, आणि २०२५ च्या आरंभापासून १९३४ च्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतलेली आहे.

विमान-पेट्रोलमध्ये आजही शिसे असते, आणि ते काढून टाकण्याचे प्रयत्न अमेरिकेत २०३० ची मुदत डोळ्यांसमोर ठेवून चालू आहेत. शिसेविरहित नव्या इंधनांच्या वापरात तेथील काही जुन्या विमानांच्या टाक्यांतील सांधलेप सैल पडल्याच्या व रंग निघाल्याच्या तक्रारी पुढे आल्या आहेत. हे इंधन भारतात येईल तेव्हा येथील क्लबांच्या जुन्या विमानांत पूर्वी कोणते अस्तर चढवले गेले होते, याची नोंद लॉगबुकात आहे की नाही, हे आधी पाहावे लागेल.