आमोशची वही

लिनोकट शिकवताना मी मुलांना बजावतो, की हत्यार एकदा खोल गेलं की रेघ मागे घेता येत नाही. कोरलं तेवढं पांढरं उमटतं, उरलेलं काळंच राहतं. दिव्याचा उजेड दाखवायचा तर तो काळोखातून खणून काढावा लागतो. हंगेरियन चित्रकार इम्रे आमोशने 1940 मध्ये ज्यू सणांवर केलेले लिनोकट बघताना मला हे पुन्हा उमगलं.

आमोश 1907 चा, पूर्व हंगेरीतल्या नॉजकालोचा. मूळ आडनाव उंगार. आजोबांच्या धार्मिक घरात तो वाढला. त्या गावच्या एका रब्बीने कोंबड्याच्या आरवण्याचं गाणं गुराख्याकडून पैसे देऊन विकत घेतलं, अशी आख्यायिका आजही सांगतात. आमोशच्या चित्रांतला कोंबडा मला त्याच गावचा वाटतो. 1937 मध्ये पॅरिसला तो चित्रकार शगालला भेटला, आणि त्याला ‘हंगेरीचा शगाल’ म्हणायची पद्धत पडली. मला हे बिरुद मुळीच पटत नाही. त्याच्या चित्रांतले देवदूत त्याच्या आजोबांच्या घरातून आले आहेत, उसने आणलेले नाहीत.

उन्हाळ्यात तो आणि त्याची चित्रकार बायको मार्गित आना डॅन्यूबकाठच्या सेंतएंद्रेत रंगवायला जात. ही सुखाची वर्षं फार थोडी. 1940 पासून त्याला श्रमसेवेची बोलावणी येऊ लागली. हंगेरीच्या सैन्याने ज्यू पुरुषांना बंदूक दिली नाही, फावडं दिलं. दंडाला पिवळी पट्टी बांधून खंदक खणायला, सुरुंग काढायला पुढे धाडलं. आमोश युक्रेनच्या आघाडीवर गेला, परत आला, पुन्हा नेला गेला.

1944 मध्ये श्रमसेवेत हंगेरीतल्या सोल्नोकला असताना त्याने एक चित्रवही भरली. दिवसभर राबलेला हात रात्री थरथरतो, हे कष्टकऱ्याला सांगायला नको. त्या हाताने तो चित्रं काढत राहिला. मी चाळीस वर्षं चित्रकला शिकवली. एवढी निष्ठा मी दुसरीकडे पाहिली नाही.

तिथून त्याला जर्मनीला नेलं. ओर्डरूफच्या छळछावणीत, सदतिशीच्या सुमारास, तो मेला.

वही मात्र बचावली. सेंतएंद्रेत 1984 मध्ये दोघांच्या चित्रांचं संग्रहालय उघडलं. मार्गित 1991 मध्ये गेली. तिला त्याच संग्रहालयाच्या बागेत पुरलं आहे. आमोशची कबर कुठेच नाही.