बरणीवरचे गाव

गेल्या वर्षी अमेरिकेत भाचीकडे गेलो होतो. जेवताना तिने लिंबाच्या लोणच्याची बरणी पुढे केली. जाड काचेची, आणि अंगावर ठसठशीत अक्षरे: ‘बॉल’. ती म्हणाली, “मामा, लोणच्याकडे बघा, बरणीकडे काय बघता?” पण मला त्या नावाने मन्सी आठवले.

मन्सी हे इंडियाना राज्यातले शहर. कामधंद्याने शहराशी बांधलेला मुलूख धरून अमेरिकन सरकार ‘सांख्यिकीय क्षेत्र’ आखते; मन्सीचे क्षेत्र म्हणजे एकटी डेलावेअर काउंटी. २०२० च्या शिरगणतीत तेथे १,११,९०३ माणसे भरली, खुद्द शहरात ६५,१९४. १८८६ मध्ये येथे जमिनीखाली नैसर्गिक वायू लागला. काचेच्या भट्टीला इंधन हवेच; बफेलोच्या पाच बॉल बंधूंनी लगोलग कारखाना इकडे आणला. लोकांनी तो वायू रात्रंदिवस दिवट्या जाळून उधळला आणि थोड्याच वर्षांत संपवला. बरण्यांचा धंदा मात्र टिकला. पुढे कंपनीचे मुख्य कार्यालयही १९९८ मध्ये कोलोरॅडोला गेले.

पण मन्सीची कीर्ती बरण्यांची नव्हे. १९२४ मध्ये रॉबर्ट आणि हेलन लिंड हे दांपत्य तेथे येऊन राहिले. लोक पोट कसे भरतात, मुले कशी वाढवतात, देवळात कधी जातात, सारे टिपून त्यांनी १९२९ मध्ये ‘मिडलटाउन’ हा ग्रंथ काढला. तेव्हापासून ‘सरासरी अमेरिका’ पाहायची तर मन्सीला जावे, असा रिवाजच पडला. मीही बावीस वर्षे कॉलेजात हेच शिकवीत आलो.

आता त्या सरासरीची गोष्ट ऐका. समाज कसा बदलतो हे पाहताना वर्णाचा प्रश्न मध्ये नको, म्हणून लिंड दांपत्याने कृष्णवर्णीयांना अभ्यासातून वगळले. लपवून नव्हे, ग्रंथात तसे लिहून. आणि ते मूठभर होते म्हणावे, तर १९२० मध्ये मन्सीत त्यांचे प्रमाण शेकडा पाचाहून अधिक होते. शिकागोत चार, न्यूयॉर्कला तीनही नव्हते!

वगळलेल्यांचा इतिहास अखेर त्यांच्यातल्याच एकाने जमवला. हर्ले गुडॉल हे मन्सीच्या अग्निशामक दलातले पहिल्या कृष्णवर्णीय जवानांपैकी एक. पुढे राज्याच्या विधिमंडळात गेले. छायाचित्रे, कागदपत्रे, म्हाताऱ्यांच्या आठवणी, जे मिळेल ते त्यांनी साठवले. त्यांच्याच खटपटीतून तेथील विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी वस्तीतल्या लोकांबरोबर बसून ‘मिडलटाउनची दुसरी बाजू’ लिहिली. ती २००४ मध्ये निघाली, म्हणजे मूळ ग्रंथानंतर पंचाहत्तर वर्षांनी.

घरी परतल्यावर मी जुनी टिपणवही काढली. ‘नमुनेदार शहर’ या शब्दांखाली मी तांबड्या शाईने दोन रेघा ओढल्या होत्या. वगळलेल्यांची ओळ वहीत कोठेच सापडली नाही.